पाळीव सापाला जिवंत उंदीर की फ्रीजरमधला?

मानेवाडा, नागपूर; साप: बॉल पायथन, आफ्रिकेतला छोटा अजगर (धागा सुरू करणारा):
परवा आपल्या साप पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर आपल्यातल्याच एकाने व्हिडिओ टाकला. काचेच्या टाकीत पांढरा उंदीर सोडलाय, साप दहा मिनिटं हलत नाही, उंदीर कोपऱ्यात काचेवर पाय घासतोय. खाली सगळ्यांच्या टाळ्या. मला बघवलं नाही, कारण तीन वर्षांपूर्वी मीही हेच केलंय.

जानेवारी होता. बाहेर पारा दहाच्या खाली. दुकानदाराने सांगितलं होतं, "राहू द्या रात्रभर, खाईल." उंदीर सोडून झोपलो. मध्यरात्री लाईट गेली, टाकीखालची हीट मॅट बंद पडली. सकाळी पाहतो तर उंदीर टुणटुणीत आणि सापाच्या पाठीवर सुपारीएवढा खड्डा. खवले नाहीत, कातडी नाही, आत लाल मांस. गारठलेला साप हलूच शकला नाही आणि भुकेला उंदीर कुरतडत बसला. दोन महिने मलमपट्टी केली. इतक्या वेळा कात टाकून झाली, तरी तिथले खवले अजून वेडेवाकडेच आहेत.

तेव्हापासून मी मेलेले, गोठवलेले उंदीरच देतो. आदल्या रात्री पिशवीसकट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा, दुसऱ्या दिवशी बंद पिशवी गरम पाण्यात बुडवायची. उंदराचं अंग साधारण ३८ अंशांपर्यंत आलं पाहिजे आणि पोट दाबून आत कडक लागता कामा नये. मायक्रोवेव्ह अजिबात नको, आतून शिजतो आणि पोट फुटतं. मग लांब चिमट्याने द्यायचा. माझं म्हणणं एवढंच की आपण साप काचेत ठेवलाय, तर त्या काचेत काय घडतं त्याची जबाबदारी आपली.

सदर; साप: कॉर्न स्नेक, अमेरिकेतला बिनविषारी साप:
भाऊ, तुमच्या सापाचं वाईट वाटलं. पण चूक उंदीर जिवंत असण्याची नव्हती, तुम्ही झोपायला गेलात त्याची होती. मी कधी टाकीसमोरून हलत नाही. पंधरा मिनिटांत नाही घेतला तर उंदीर बाहेर. साप शिकारी आहे, त्याला शिकार करू द्या की.

अन् तुमचा फ्रीजरचा उंदीर मेला कसा, हे कोणी विचारतं का? कित्येक जण जिवंतच फ्रीजरमध्ये कोंबतात. माझा साप दोन-चार क्षणांत विळखा घालतो. यातलं क्रूर कोणतं ते सांगा. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश तापमान अन् वादळ आलं की तासन् तास लाईट नाही. फ्रीजरचं काय करता?

मानेवाडा:
उंदीर कसा मेला, हा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि प्रत्येकाने विकत घेताना तो विचारायलाच हवा. नीट काम करणारा माणूस आधी कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध करून मारतो, मग गोठवतो. जिवंत कोंबणाऱ्याकडून मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

शिकारीचं मात्र पटत नाही. रानात उंदराला पळायला बीळ असतं, सापाला माघार घ्यायला जागा असते. दोन फुटांच्या टाकीत दोघांनाही ते नाही. विळखा पडला तरी उंदराचं तोंड मोकळं राहिलं तर तो डोळ्यावरच चावतो.

लाईट गेली तर फ्रीजर उघडायचा नाही, भरलेला असेल तर बराच वेळ टिकतो. एकदा बर्फ पूर्ण वितळून मऊ झालेला उंदीर मात्र परत गोठवायचा नाही, फेकायचा.

धरमपेठची ताई:
माझा मुलगा साप आणायचा म्हणतोय म्हणून वाचते आहे. तुम्ही सगळे सापाचं बोलताय, घरातल्या माणसांचं कोण बोलणार? ज्या फ्रीजमध्ये मटार आणि पनीर, त्यातच उंदीर? गोठवल्याने साल्मोनेलाचे जंतू मरत नाहीत. घरी सासूबाई आहेत, पाच वर्षांची पुतणी आहे. माझा या प्रकाराला विरोध आहे.

मानेवाडा:
ताई, तुमचं खरं आहे, मी वर "फ्रीजच्या खालच्या कप्प्यात" एवढंच लिहिलं ही माझी चूक. माझा छोटा फ्रीज वेगळा आहे, मागच्या खोलीत. पाण्याचा डबा वेगळा, चिमटा वेगळा, स्वयंपाकघरात यातलं काही येत नाही. नंतर साबणाने हात धुणं सक्तीचं. एवढं जमणार नसेल तर मुलाला नाही म्हणा.

हिंगणा रोड, सर्पमित्र:
मी वर्षानुवर्षं लोकांच्या घरांतून नाग, घोणस, धामण काढतो. जखमी साप सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्राला, पोचवतो. मला तुम्हा दोघांचंही पटत नाही. साप पाळायचाच कशाला? तुमचे व्हिडिओ बघून गेल्या पावसाळ्यात एका पोराचा फोन आला, "काका, नागाचं पिल्लू सापडलं, काय खायला देऊ?" आपले देशी साप घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे त्याला माहीतच नव्हतं. परदेशी म्हणाल, तर बॉल पायथनचीही २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते.

आणि ज्याने तो व्हिडिओ टाकला त्याने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ वाचावं. करमणुकीसाठी प्राणी कोंडून दुसऱ्याचं भक्ष्य करणं त्यात बसतं.

एक मात्र सांगतो. पिंजऱ्यात सापडलेला घरचा उंदीर कोणीही सापाला देऊ नका. त्याने आधी विष खाल्लेलं असेल तर साप पण जाऊ शकतो.

मानेवाडा:
काका, माझी नोंद झालेली आहे. पाळावा की नाही, यावर तुमच्याशी वाद घालणार नाही, तुम्ही जे रोज बघता ते मी बघत नाही. पण जे साप आधीच घराघरांत आहेत त्यांना खायला तर घालावंच लागणार.

सदर:
व्हिडिओ काढण्याच्या विरोधात मीही आहे, ते काढून टाकायला सांगा. पण माझा कॉर्न स्नेक मेलेल्याला तोंडच लावत नाही. दोनदा करून पाहिलं. तुमच्या सांगण्याप्रमाणे गरम करूनसुद्धा.

मानेवाडा:
बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, म्हणून त्याला ऊब दाखवली की तो झेपावतो. कॉर्न स्नेकला ते नसतात, तो वासावर जातो. एखाद्या वेळी तुमच्या उंदरांच्या पिंजऱ्यातला वापरलेला भुसा मेलेल्याच्या अंगाला चोळून बघा. संध्याकाळी, दिवा मंद करून, डोक्याकडून द्या आणि चिमटा हळूच हलवा.

सदर (आठ दिवसांनी):
काल केलं. भुसा चोळला. तीन-चारदा जीभ काढली, अगदी नाकाजवळ आला, अन् वळून लाकडाखाली गेला. पाऊण तास वाट पाहिली. मला अजूनही जिवंतच बरा वाटतो, पण तो लगेच देऊ का आता?

मानेवाडा:
लगेच काहीच देऊ नका. कालचा फेकून द्या, सापाला हात लावू नका, आठवडाभर थांबा. वजन किती आहे आत्ता?

सदर:
४१० ग्रॅम. मागच्या महिन्यात ४१५ होतं.

मानेवाडा:
मग घाबरायचं कारण नाही. पुढच्या रविवारी परत, या वेळी जरा लहान उंदीर घ्या.