मदत हवी आहे: गाडीच्या प्लास्टिक ट्रिमवर स्प्रे पेंट धरत नाही

यवतेश्वर_घाट (सातारा):
मंडळी, एक सेकंडहँड हॅचबॅक घेतलीय. इंजिन ठणठणीत, पत्राही चांगला. पण आधीच्या मालकाने बाहेरच्या सगळ्या प्लास्टिकला काळा स्प्रे मारून घेतला होता. आरशांची कव्हरं, दारांवरच्या पट्ट्या, वायपरखालची जाळी, काही सोडलं नाही. आता पोपडे निघतायत. पट्टीवर नखाने कड उचलली की वीतभर साल सरळ हातात येते. आरशाच्या कव्हरांवरचा रंग मात्र घट्ट बसलाय, खरवडूनही निघत नाही. डबा तोच, मारणारा तोच, मग हा फरक का?

ओळखीच्या पेंटरना दाखवलं तर म्हणाले, "प्लास्टिकवर रंग टिकत नसतो, नवीन पार्ट टाका." पण बंपर प्लास्टिकचाच असतो आणि त्यावरचा कंपनीचा रंग वर्षानुवर्षं टिकतो, हे कसं?

घरीच गच्चीवर करायचा विचार आहे. जुना रंग कशाने काढू? खाली कुठला प्रायमर लागतो? आणि साताऱ्याच्या पावसात हे काम काढावं की नाही?

कुपवाडकर:
कव्हरं आणि पट्ट्या एकाच प्लास्टिकच्या नाहीत, एवढंच त्याचं कारण. आरशाचं कव्हर बहुधा एबीएस असणार. त्यावर नीट घासून मारलेला साधा रंगही धरतो, कारण रंगातलं थिनर त्याचा वरचा थर किंचित मऊ करतं. पट्ट्या, जाळी, बंपर हे सगळं पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्याच्यावर रंग पसरतच नाही, नुसता वर बसून राहतो आणि वाळला की कागदासारखा सुटतो. कंपनीत बंपर रंगवण्याआधी त्याच्यावरून गॅसची ज्योत झपाट्याने फिरवतात किंवा खास प्रायमर मारतात, म्हणून तो टिकतो. (ज्योतीचा प्रयोग कृपया गच्चीवर करू नका. तिथे रोबो असतो.)

पार्ट काढून मागची बाजू बघा. टोकदार कंसात अक्षरं उठवलेली असतात: एबीएस, पीपी, पीपी+ईपीडीएम, पीपी-टी२०. ईपीडीएम म्हणजे त्यात मिसळलेलं रबर, टी२० म्हणजे २० टक्के टाल्क (एक खनिज भुकटी). पाण्यात तरंगलं तर पीपी, बुडलं तर एबीएस, असं यूट्यूबवर सांगतात. त्यावर विसंबू नका. टाल्क घातलेलं पीपीसुद्धा बुडतं.

यवतेश्वर_घाट:
दादा, लगेच काढून बघितलं. पट्टीमागे पीपी+ईपीडीएम, जाळीमागे पीपी-टी२०, कव्हरात एबीएस. अगदी तुम्ही म्हणालात तसंच. मग आता सगळीकडे थिनर फिरवून जुना रंग काढू का?

रंगारी_विश्रामबाग:
थांबा! कव्हरांना थिनर लावू नका, एबीएस विरघळतं आणि कायमचे चट्टे पडतात. तिथला रंग घट्ट आहे ना, मग तो काढताच कशाला? ६०० च्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासून चमक घालवा आणि त्याच्यावरच नवीन हात द्या. पट्ट्यांवरचा रंग आधी नखाने, टेपने जेवढा सुटेल तेवढा सोडवा. उरलेल्याला थिनरचा फडका चालेल. पीपीला थोड्या वेळाने काही होत नाही, फक्त भिजत ठेवू नका, फुगतं.

आता खरं काम. जाळीवर ऊन खाऊन पांढरट भुकटी आली असेल. ती जाईपर्यंत घासायचं, नाहीतर रंग भुकटीला धरतो आणि भुकटीसकट गळतो. पण पीपीला खरखरीत पेपर लावला की केसासारखी लव उठते आणि ती रंगातून दिसते. राखाडी स्कॉचब्राइट वापरा, सोबत भांड्याचं लिक्विड आणि भरपूर पाणी. खाचाखोचांना जुना टूथब्रश.

मग तेलकटपणा. आधीच्या मालकाने चमक यावी म्हणून डॅशबोर्ड पॉलिश चोळलेलं असणारच, सेकंडहँड गाड्यांना तेच करतात. त्यातलं सिलिकॉन रंगाला गोल गोल खड्डे पाडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि दोन फडके ठेवा, एकाने ओलं पुसायचं, ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपून घ्यायचं. नुसतं पुसून वाळू दिलं तर घाण जागच्या जागीच बसते. एवढं करूनही पाण्याचे थेंब गोळा होताना दिसले तर घाबरू नका, पीपी स्वच्छ असलं तरी तसंच दिसतं.

दुकानात "प्रायमर द्या" म्हणालात तर पत्र्याचा राखाडी डबा हातात ठेवतील. तो नको. "पीपी प्रायमर" मागा, किंवा अ‍ॅडहीजन प्रमोटर, म्हणजे प्लास्टिकवर रंग धरवणारा थर. बिनरंगाचा, पाण्यासारखा पातळ असतो. काही दिसलंच नाही म्हणून लोक पुन्हा पुन्हा मारतात आणि तिथेच फसतं, कारण जाड थर स्वतःच फाटतो. एक हलका, ओलसर हात पुरे. मग डब्यावर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढ्यातच रंग चढवायचा, मध्ये चहाला जायचं नाही.

घाटावरचा:
माझं मत वेगळं. जाळी रंगवूच नका. तिची दाणेदार काळी पोतच छान दिसते, रंगाने ती बुजते, शिवाय बॉनेटची उष्णता आणि वायपरचं पाणी कायम तिथेच. घासून नुसतं ट्रिम रिस्टोरर (फिक्या प्लास्टिकला पुन्हा काळं करणारं लिक्विड) लावा. पट्ट्या रंगवायच्या तर रंगवा.

रंगारी_विश्रामबाग:
जाळीबद्दल सहमत.

पावसाचं म्हणाल तर सातारा असो की सांगली, आषाढ-श्रावणात डबा उघडू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि काळा रंग दुधाळ होतो. एप्रिलच्या उन्हातही नको, आमच्याकडे तर रंग हवेतच वाळतो आणि हात फिरवला की खरखरीत लागतं. दसऱ्यानंतरची कोरडी सकाळ उत्तम. डबा कोमट पाण्यात ठेवून मग हलवा, उकळत्या पाण्यात कधीच नाही. तीन-चार पातळ हात मारा. पहिल्या हातात काळं झालं पाहिजे हा हट्ट नको.

यवतेश्वर_घाट:
खूप आभार सगळ्यांचेच. जाळी वगळली. वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर, म्हणून टूके (हार्डनर मिसळायचा दोन भागांचा) वापरायचा का? आणि धरलंय की नाही हे गाडीला बसवायच्या आधी कळेल का?

कुपवाडकर:
टूके क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं, ते छातीत गेलं तर कायमचा दमा लागू शकतो. धुळीच्या मास्कने ते थांबत नाही. मॅट काळ्या पट्टीला क्लिअरची गरजही नाही.

तपासायला पट्टीच्या मागच्या बाजूला वीतभर जागा घ्या आणि तिथे सगळी पद्धत आधी करून बघा. दोन-तीन दिवसांनी ब्लेडने बारीक चौकटी पाडा, मास्किंग टेप नको, चांगली चिकट टेप दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकटी टेपबरोबर आल्या तर पुढच्या बाजूला हात लावू नका, पुन्हा साफसफाईपासून सुरुवात. नाही आल्या तर बिनधास्त मारा. फक्त बसवल्यावर काही आठवडे प्रेशर वॉश वाल्याकडे नेऊ नका, कड सुटते ती तिथूनच.