रातकिडे टिकत नाहीत, दोन टॅरँट्युला कोळ्यांसाठी दुसरं काय पाळावं?

आठपाय
मंडळी, एक मोठी चिलियन रोझ मादी आहे आणि कर्ली हेअरचं पिल्लू, पायांसकट जेमतेम २ सेंमी. ५० रातकिडे आणले की पाच दिवसांत निम्मे मरतात, डब्याला घाण वास येतो. डबा ५ लिटरचा, झाकणाला सुईने पाडलेली भोकं, पाण्यासाठी ओला कापूस, खायला काकडी. चुकतंय कुठे? फ्लॅटमध्ये त्यांची किरकिरही नकोशी झालीय.

कोंडाकाका
काकडी, ओला कापूस आणि सुईची भोकं म्हणजे डब्यात दमटपणा कोंडणारच. त्यात विष्ठा नि मेलेले किडे कुजून अमोनिया होतो, बाकीचे त्याने जातात. झाकणाचा मधला भाग कापून स्टीलची बारीक जाळी लावा, प्लास्टिकची ते कुरतडतात. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवा, घाण खाली पडते. मेलेले रोज काढा.

पण दोनच कोळ्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? मोठी मादी आठ-दहा दिवसांनी एक घास खाणार. मीलवर्म पाळा, म्हणजे एका भुंग्याच्या अळ्या. उथळ गुळगुळीत डब्यात ५ सेंमी गव्हाचा कोंडा, तोही आधी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून नंतर पूर्ण कोरडा केलेला. नाहीतर पावसाळ्यात माइट (बारीक किडे) पडून सगळा डबा जातो. पाण्यासाठी गाजराची एक चकती, दर दोन दिवसांनी बदला. कोष वेगळे काढा, अळ्या ते खातात. भुंगेही स्वतःचीच अंडी खातात, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी त्यांना नव्या कोंड्यात हलवा. जुन्या कोंड्यात अंडी राहतात, तो फेकू नका! अळ्या जास्त झाल्या तर फ्रिजच्या दारात ठेवा, वाढ मंदावते. सुपरवर्म (तशाच पण मोठ्या अळ्या) मात्र फ्रिजमध्ये मरतात.

सुळे
एक पुस्ती. जिवंत मीलवर्म मातीत शिरतो आणि कोळी कात टाकत असताना वर येऊन त्यालाच कुरतडतो. त्यामुळे चिमट्याने डोकं चिरडूनच टाका. पिल्लाला अळीचा ३-४ मिमी तुकडा आठवड्यातून दोनदा पुरे, मेलेलंही ते खातं. उरलेलं २४ तासांत काढा, बुरशी येते.

कात टाकल्यावर कोळ्याचे सुळे आधी पांढरे, मग लालसर, शेवटी काळे होतात. काळे होईपर्यंत काही देऊ नका: पिल्लाला आठवडाभर, मोठीला दोन-तीन आठवडे. चिलियन रोझ तशीही महिनोन्‌महिने उपाशी राहते. पोट सुरकुतलेलं नसेल तर काळजी नको, पाण्याची वाटी भरलेली ठेवा.

आणि स्वयंपाकघरातलं झुरळ धरून घालू नका. पेस्ट कंट्रोलचं जेल खाल्लेलं असेल तर कोळीही जाईल.

आठपाय
डुबिया झुरळं कशी? ती चढत नाहीत म्हणे.

कोंडाकाका
गुळगुळीत प्लास्टिकवर चढत नाहीत, आवाज नाही, वासही कमी. पण पिलावळ हवी तर ३० अंशांच्या आसपास ऊब लागते, एका नरामागे तीन-चार माद्या, आणि पिल्लं मोठी व्हायला चार-सहा महिने. दहा-बारा कोळी असतील तर जरूर. तीही मातीत शिरून निपचित पडतात, तेव्हा डोकं चिरडायचं इथेही आहेच. रेड रनर झुरळांच्या फंदात पडू नका, निसटली की आपल्या हवेत घरातच संसार थाटतात.