कृष्णवर्णीय-गोरी जोडपी आणि घरचा विरोध: जुन्या हॉलिवूडमधले दोन सिनेमे सुचवा

चौथी रांग
फिल्म क्लबला एका संध्याकाळी दोन सिनेमे दाखवायचेत. ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ (1967) नक्की आहे. जोडीला ‘पिंकी’ (1949) चालेल का? आणि हेज कोडची (हॉलिवूडने स्वतःवर घातलेली सेन्सॉरची नियमावली) मिश्रवर्णीय प्रेमसंबंधांवर बंदी असताना तो निघालाच कसा?

रीळवाला
कोडमधली ती बंदी 1956 पर्यंत होती. ‘पिंकी’ने पळवाट काढली: गोरी म्हणून खपणाऱ्या कृष्णवर्णीय नर्सच्या भूमिकेत जीन क्रेन ही गोरी नटी. म्हणजे जोडी फक्त कथेत मिश्र, मिठीत दोघंही गोरे! शेवटी लग्नही होत नाही. तरी टेक्सासमधल्या मार्शल गावाने बंदी घातलीच. थिएटरवाल्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 1952 मध्ये रद्द केली. पण तिच्या गोऱ्या प्रियकराच्या घरची माणसं त्यात दिसतच नाहीत, त्यामुळे तुमच्या विषयाला अपुरा.

निळी खुर्ची
त्याऐवजी ‘वन पोटॅटो, टू पोटॅटो’ (1964) घ्या. घटस्फोटित गोरी आई कृष्णवर्णीय सहकाऱ्याशी लग्न करते, पहिला नवरा मुलीच्या ताब्यासाठी दावा लावतो आणि न्यायाधीश मुलगी त्याला देतो. आईच्या भूमिकेतल्या बार्बरा बॅरीला यासाठी कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं. ‘डिनर’ आधी लावा, हा नंतर. उलट केलंत तर ‘डिनर’ गुळगुळीत वाटतो आणि चर्चा ‘असं कुठे असतं का’ एवढ्यावरच आटोपते.

रीळवाला
क्रम पटला. ‘डिनर’ 108 मिनिटांचा आहे. जोडप्याचं चुंबन टॅक्सीच्या आरशात दिसतं, तेही ड्रायव्हरच्या नजरेतून. ती जागा थांबवून दाखवा. सिडनी पॉइटिएने केलेला जॉन, म्हणजे गोऱ्या मुलीचा कृष्णवर्णीय नियोजित वर, नामांकित डॉक्टर, स्वभावाने सालस, स्थळात खोट काढायला जागाच नाही. हे मुद्दाम केलंय: मुलीच्या आईबापांकडे नकाराला रंगाशिवाय कारणच उरत नाही.
लोक मुलीचा बाप झालेल्या स्पेन्सर ट्रेसीच्या शेवटच्या भाषणातच रमतात. खरी ठिणगी जॉन आणि त्याच्या निवृत्त पोस्टमन वडिलांच्या भांडणात आहे. बाप खांद्यावर वाहिलेल्या टपालाच्या पिशवीचा हिशेब काढतो, मुलगा ते ऋण साफ नाकारतो. आणि जॉनला सगळ्यात तिखट बोलते ती घरकाम करणारी कृष्णवर्णीय टिली.

निळी खुर्ची
एक शंका प्रेक्षकांतून हमखास येते. ‘सोळा-सतरा राज्यांत हे लग्न बेकायदा ठरेल’ असा संवाद आहे, पण तसे कायदे सर्वोच्च न्यायालयाने 12 जून 1967 ला रद्द केले. चित्रीकरण त्याआधीच उरकलं होतं, सिनेमा लागला डिसेंबरमध्ये. ट्रेसी तर 10 जूनलाच गेले.