पाताळपाणी–कालाकुंड : जीपीएसची नोंद मध्येच तुटते, मदत हवी आहे

राजवाडा_४५ : रविवारी दहा जण इंदूरजवळच्या महूहून पुढे पाताळपाणी ते कालाकुंड पायी निघतोय. मोबाइलवर चाललेली वाट (ट्रॅक) जीपीएसने नोंदवायला लावली की दरीत उतरल्यावर नुसती सरळ रेघ, मग एकदम पुढचा ठिपका. अ‍ॅप काढून परत टाकलं, तेच. लवकर सांगा.

चोरलकाठ : अ‍ॅप कुठलं? अँड्रॉइड की आयफोन? रेघ येते तेव्हा स्क्रीन चालू असते का?

फुलचार्ज : बॅटरी बसत असणार. वीस हजार एमएएच क्षमतेची पॉवरबँक घ्या.

चोरलकाठ : बॅटरीचं विचारलंय कुणी? आणि एका दिवसाला दहा हजारची पुष्कळ होते. छापील आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. ५ व्होल्टला चढवताना घट धरून हाती साधारण सहा हजार येतात. तेवढ्यात फोन एकदा आरामात भरतो.

राजवाडा_४५ : ऑसमअँड, अँड्रॉइड १३. फोन खिशात, स्क्रीन बंद. बॅटरी सेव्हर चालू, तो तर लागतोच.

चोरलकाठ : तोच चोर! अ‍ॅपचा दोष नाही. सेव्हरमध्ये स्क्रीन मिटली की बऱ्याच फोनांत जीपीएसही झोपतं आणि अ‍ॅप उरलेले दोन ठिपके रेघेने जोडून मोकळं होतं. सेव्हर बंद. अ‍ॅप इन्फोमध्ये बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड', लोकेशन 'प्रिसाइज'. नोंद दर ५ सेकंदांनी. मग स्क्रीन मिटवून इंदुरातच पिपल्यापाल्याच्या बागेत एक फेरी मारा. तिथे रेघ नसेल तरच रविवारी भरवसा ठेवा.
बॅटरी वाचवायची तर विमान मोड. दरीत फोन टॉवर शोधून शोधून दमतो. जीपीएसला टॉवर लागत नाही. फक्त महूला नेट असतानाच एकदा लोकेशन घ्या, नाहीतर उपग्रहांची माहिती आकाशातूनच उतरवावी लागते आणि झाडीखाली ताटकळत बसावं लागतं. नकाशा घरच्या वायफायवरच उतरवा.

घाटमाथा : दहा जणांत सगळेच विमान मोडवर? कुणाचा पाय मुरगळला तर? एक फोन नोंदीला, बाकीचे चालू.

चोरलकाठ : मी नोंदीच्या फोनचंच म्हणतोय, भिया.

समुद्रसपाटी : उंचीही तपासा. काही अ‍ॅप उपग्रहाची कच्ची उंची दाखवतात; आपल्याकडे ती समुद्रसपाटीच्या हिशेबापेक्षा पन्नासेक मीटर कमी भरते.

फुलचार्ज : मग सरळ परदेशातून सॅटेलाइट मेसेंजर मागवा, टॉवरशिवाय उपग्रहावरून निरोप जातो.

घाटमाथा : दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही. विमानतळावरच अडकाल. असले सल्ले देऊ नका.
राजवाडा, वाट कुठली ते सांगितलंच नाहीत. पायवाट की रूळ?

राजवाडा_४५ : रुळांच्या कडेने. सगळे तसेच जातात.

घाटमाथा : मग बोगद्यात रेघ येणारच, कुठलंही सेटिंग करा, डोक्यावर डोंगर असला की उपग्रह दिसत नाहीत. आणि रुळांवर शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा कुठे शोधाल? पायवाट धरा.

फुलचार्ज : कालाकुंड स्टेशनवरचा कलाकंद चुकवू नका. पळसाच्या पानात देतात.

राजवाडा_४५ : सेव्हर बंद करून फेरी मारली, रेघ गेली. पायवाटेची जीपीएक्स फाइल, म्हणजे कुणी आधी नोंदवलेला ट्रॅक, आहे का कुणाकडे?