मुलांच्या बेसबॉल संघासाठी बंदुकीची सोडत: कायद्यात बसते, पण करावी का?

धागाकर्ता

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. आमचा अकरा वर्षांचा मुलगा इथल्या एका बेसबॉल संघात खेळतो. गेल्या मंगळवारी सरावाहून आल्यावर त्याने दप्तरातून पिवळ्या तिकिटांचे पुस्तक काढून जेवणाच्या टेबलावर ठेवले. प्रत्येक तिकिटावर बारा बोअरच्या शॉटगनचे चित्र होते, खाली दहा डॉलर ही किंमत होती, आणि स्थळप्रतीवर विक्रेता म्हणून त्याने स्वतःचे नाव आधीच नीट वळणदार अक्षरांत लिहून ठेवले होते. उन्हाळी स्पर्धांच्या प्रवासखर्चासाठी प्रत्येक मुलाने वीस तिकिटे विकायची आहेत. "रविवारी मराठी मंडळात काका-मावश्यांना विकू का?" असे त्याने विचारले, आणि मला चटकन उत्तर देता आले नाही.

२०१८ साली मिझुरीतील निओशो येथे नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बेसबॉल संघाने एआर-१५ या लष्करी धाटणीच्या रायफलीची सोडत जाहीर केली होती. तिचा बेत फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेतील गोळीबाराआधीच ठरला होता, पण १४ फेब्रुवारीला तिथे १७ जण मारले गेल्यानंतरही ती मागे घेतली गेली नाही आणि देशभर वाद झाला. आमच्या संघाचे बक्षीस शिकारीच्या बंदुकीचे आहे, हा फरक मला मान्य आहे. तरीही जी वस्तू मुलाला विकत घेता येत नाही आणि शाळेत नेता येत नाही, तिची तिकिटे त्याने दारोदार विकावीत, हे मला पटत नाही. गुरुवारी पालकांची बैठक आहे. आपली मते कळवावीत.

शिवारवाट

तुमची अस्वस्थता समजते, पण मत पटत नाही. याच राज्याच्या ग्रामीण भागात मी बावीस वर्षे राहतो. इथली स्वयंसेवी अग्निशमन पथके बंदुकींच्या सोडतीतून निधी उभारतात आणि त्यातून खरोखर बंब आणि साहित्य येते. हरणांच्या शिकारीचा हंगाम पूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होत असे आणि त्या दिवशी कित्येक शाळांना सुट्टी असे. २०१९ पासून तो शनिवारी सुरू होतो. इथल्या घरांत शॉटगन ही आजोबांकडून नातवाकडे येणारी वस्तू आहे, आणि नोव्हेंबरातल्या हरणाचे मांस वर्षभर फ्रीझरमध्ये असते. शेजाऱ्याला ज्या वस्तूची इच्छा आहे ती बक्षीस ठेवली तर तो दहा डॉलर आनंदाने देतो. चॉकलेटचे खोके विकून तेवढा निधी जमवायचा तर मुलांचा अख्खा हंगाम त्यातच जातो. आपण बाहेरून आलो, म्हणून इथल्या साध्या गोष्टीत धोका पाहायचा, हे या गावांवर अन्याय करणारे आहे.

हिशेबनीस

मी काही लहान संस्थांचे हिशेब पाहते, म्हणून भावनेच्या आधी कागदपत्रांचे बोलते. इथे दोन वेगळे कायदे एकाच वेळी लागू होतात आणि बहुतेक संघ त्यांतला एकच पाहतात.

पहिला कायदा सोडतीचा. तो प्रत्येक राज्याचा वेगळा आहे: कॅलिफोर्नियात जमलेल्या रकमेपैकी किमान ९० टक्के धर्मादाय कामाला जावे लागतात, तर युटामध्ये तिकीट विकून सोडत काढताच येत नाही. पेनसिल्व्हेनियात संस्थेला काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कोषाध्यक्षाकडून परवाना घ्यावा लागतो, आणि १८ वर्षांखालील व्यक्तीने असा खेळ खेळणे किंवा चालवणे या कायद्याला मान्य नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तिकीट विकणे हा चालवण्याचाच भाग आहे. म्हणजे बक्षीस बंदुकीचे असो वा सायकलीचे, ते पिवळे पुस्तक मुलाच्या दप्तरात असायलाच नको होते.

दुसरा कायदा बंदुकीचा. सुरक्षित पद्धत अशी की बंदूक अखेरपर्यंत परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानातच राहावी. विजेता तिथे जातो, बंदूक घेणाऱ्याने भरायचा संघीय ४४७३ क्रमांकाचा अर्ज स्वतः भरतो, राज्य पोलिसांकडून त्याची पार्श्वभूमी तपासली जाते आणि मगच बंदूक त्याच्या हाती येते. संघाच्या पदाधिकाऱ्याने ती आपल्या नावावर घेऊन समारंभात विजेत्याला दिली, तर पुढची जबाबदारी त्याच्या अंगावर येते. विजेता नदीपलीकडचा, न्यू जर्सीचा निघाला तर असे हस्तांतर संघीय गुन्हाच ठरतो. बक्षीस समारंभ शाळेच्या मैदानावर असेल तर बंदूक दाखवायलाही नेऊ नये. शाळेभोवतीच्या १,००० फुटांसाठी वेगळा संघीय कायदा आहे.

आणखी एक: सोडतीचे तिकीट म्हणजे देणगी नव्हे, त्याची करसवलत मिळत नाही. हे पालकांना आधीच सांगावे.

मायलेक

मंडळातल्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अजून कोणी लिहिलेली नाही. आमच्यापैकी कितीतरी जण एच-१बी किंवा एच-४ व्हिसावर आहेत. अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना असणे यांसारखे थोडेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकाला ही आडकाठी नाही, पण बंदुकीसंबंधी गुन्ह्यात दोषी ठरल्यास त्यालाही देशाबाहेर काढले जाऊ शकते. रविवारी त्या मुलाकडून कौतुकाने तिकीट घेणाऱ्या मावशीला यातले काय ठाऊक असणार? बक्षीस लागले आणि "तुझ्या नावावर घे, मग मला दे" असे तिने एखाद्या मैत्रिणीला सहज म्हटले, तर दोघीही संकटात येतील.

शिवारवाट, तुमच्या गावांचा मला अनादर करायचा नाही. पण २०२० पासून या देशात १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक हे आहे. मुलांच्या नावाने निधी जमवताना हे विसरता येत नाही.

शिवारवाट

व्हिसाचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तो मी पूर्णपणे मान्य करतो. मुलांनी तिकिटे विकू नयेत हेही मान्य. मात्र त्या मृत्यूंमध्ये हत्या आणि आत्महत्या यांचा वाटा मोठा आहे, आणि तपासणी होऊन दुकानातून दिलेल्या एका शिकारी बंदुकीवर त्याचे ओझे टाकणे मला योग्य वाटत नाही. मोठ्यांनी तिकिटे विकावीत, पात्र नसलेल्या विजेत्याला तेवढ्याच किमतीचे क्रीडासाहित्य मिळेल असे तिकिटावरच छापावे, आणि बंदुकीबरोबर कुलूप द्यावे. विक्रेत्याने कुलूप देण्याची संघीय सक्ती पिस्तुलांपुरतीच आहे, शॉटगनला ती लागू नाही. म्हणून ते संघानेच घ्यावे.

मायलेक

आत्महत्यांचा वाटा मोठा आहे, म्हणूनच घरातली बंदूक मला जास्त भिववते. उदास झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला शिकारीची बंदूक आणि दुसरी बंदूक यांत फरक नसतो. कुलपाची सूचना चांगली आहे, पण ते रोज लावले जाते की नाही हे संघ पाहू शकणार नाही. अग्निशमन पथकाने, शिकार मंडळाने अशी सोडत खुशाल काढावी. तिथे देणारे आणि घेणारे दोघेही प्रौढ आहेत. मुलांच्या संघाने दुसरे बक्षीस शोधावे.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. काल रात्री मुलाला तिकिटे परत करायची आहेत असे सांगितले. त्याचा पहिला प्रश्न होता, "मग मला खेळू देणार नाहीत का?" त्याच्या वाट्याच्या वीस तिकिटांचे २०० डॉलर मी देणगी म्हणून देणार आहे आणि तसे प्रशिक्षकांना कळवले आहे. बैठकीत मी तीन गोष्टी विचारेन: काउंटीचा परवाना कोणाच्या नावावर आहे, बंदूक आत्ता कोणाच्या ताब्यात आहे, आणि मुलांच्या हाती तिकिटे कोणी दिली. बक्षीस बदलावे असा ठरावही मांडेन; तो फेटाळला गेला तर शिवारवाट यांच्या अटी तरी तिकिटावर छापून घेण्याचा आग्रह धरेन. पिवळे पुस्तक सध्या माझ्या कपाटात आहे. त्यातले एक तिकीट मात्र आधीच फाडलेले आहे. ते शेजारच्या आजोबांनी घेतले आहे, आणि त्यांचे दहा डॉलर परत करायला आज संध्याकाळी आम्ही दोघे जाणार आहोत.