प्रित्झकर आणि मानपत्रातला तो उल्लेख
आर्किटेक्चरमध्ये बायकांना श्रेय मिळत नाही म्हटलं की, झाहा हदीद या आर्किटेक्ट बाईला २००४ मध्ये प्रित्झकर (आर्किटेक्चरमधला सर्वात मानाचा समजला जाणारा पुरस्कार) मिळालं, मग आता रडगाणं कशाला, असं कुणीतरी म्हणतं. त्याआधीचं आर्किटेक्ट डेनिस स्कॉट ब्राउनचं प्रकरण बघा की. १९६९ पासून ती नवऱ्याच्या, म्हणजे रॉबर्ट व्हेंचुरीच्या, फर्ममध्ये भागीदार, पण १९९१चं प्रित्झकर एकट्या नवऱ्याला. वर कहर म्हणजे दोघांनी मिळून लेखन आणि इमारती केल्याचा उल्लेख खुद्द मानपत्रात आहे! ती समारंभाला गेलीच नाही (बरंच केलं). २०१३ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थिनींनी तिलाही त्या पुरस्काराचा मान मिळावा म्हणून सह्यांची मोहीम काढली, व्हेंचुरीनेही सही केली. तरी जुना निर्णय बदलता येत नाही म्हणून समितीने हात झटकले. अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेने मात्र नियमच बदलला आणि २०१६चं सुवर्णपदक दोघांना जोडीने दिलं.