मदत हवी आहे : रेखाचित्रावर आधारित बोधचिन्ह लहान आकारात कसे टिकवावे?

एका लहान संगीत सभागृहासाठी मी हाताने काढलेल्या चित्रांवर आधारित दृश्य-ओळख (बोधचिन्ह, नावाची अक्षरे इत्यादी) तयार करत आहे. मुख्य चित्रात पंख पसरलेले घुबड असून त्याच्या पिसांच्या कडांमधूनच वाद्याच्या तारा निघतात. भित्तिपत्रकावर आणि दारावरील फलकावर हे चित्र अतिशय खुलते. परंतु ब्राउझरच्या टॅबमधील १६ पिक्सेलचे चिन्ह, समाजमाध्यमांवरील गोल प्रोफाइल चित्र आणि प्रेक्षकांच्या मनगटावर उमटवायचा एकरंगी रबरी शिक्का या तिन्ही ठिकाणी तारा एकमेकींत मिसळून पिसांचा नुसता काळा डाग उरतो.

रेषा सरसकट जाड करून पाहिल्या, तेव्हा टाकाच्या कमी-अधिक दाबामुळे आलेली रेषेची लय, जी मला या चित्राचा प्राण वाटते, ती हरवली. केवळ घुबडाचे डोके वेगळे काढल्यास ते १६ पिक्सेलमध्येही स्पष्ट दिसते, मात्र संगीताशी असलेला संबंध तुटतो.

मूळ रेखाटन वेक्टर स्वरूपात (म्हणजे कितीही लहान-मोठे केले तरी रेषा धूसर न होणाऱ्या संगणकीय स्वरूपात) उपलब्ध आहे. चित्र नव्याने काढण्यास सभागृहाची हरकत नाही, फक्त घुबड कायम ठेवायचे आहे. नावाची अक्षरेही त्याच टाकाने काढलेली असल्यामुळे तयार फॉन्ट वापरायचा नाही.

असे काम केलेल्यांनी कृपया सांगावे : प्रत्येक आकारासाठी तपशील कमी करत स्वतंत्र चित्र काढायचे झाल्यास, ती सर्व एकाच कुळातील वाटावीत म्हणून नेमका कोणता घटक समान ठेवावा, आणि रबरी शिक्क्यासाठी दोन रेषांमध्ये किमान किती मोकळी जागा सोडावी?